पेरूला का जावं? घरच्यांना सांगायला ठोस कारणं हवीत (आम्ही दोघं अन् सासरे, मे-जून)

काटोलरोड_स्नेहा

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे. पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये एक मोठी ट्रिप करायचं ठरवून राहिलो, मी, नवरा अन् सासरे. नवऱ्याच्या डोक्यात युरोप आहे, नणंद म्हणते व्हिएतनाम करा स्वस्तात होते, अन् माझ्या मनात शाळेत असल्यापासून पेरू आहे. पण घरात विषय काढला की सगळ्यांचा एकच प्रश्न, एक माचू पिचू, म्हणजे इंका लोकांचं डोंगरावरचं जुनं शहर, पाहायला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कशाला जायचं, तेवढ्या पैशात युरोपचे चार देश होतात. फोटो दाखवले तर म्हणतात डोंगर अन् किल्ले आपल्याकडे कमी आहेत का. मला मनातून माहीत आहे जायचंच आहे, पण नेमकं काय सांगू ते सुचत नाही.

सासऱ्यांबद्दल थोडं सांगते कारण त्यांच्यामुळेच ठरत नाही आहे. काटोलजवळ संत्र्याची बाग अन् थोडी कपाशी, सगळं आयुष्य शेतीत गेलं, वय ६६, चालायला आमच्यापेक्षा दमदार आहेत पण बीपीची गोळी सुरू आहे. म्युझियम अन् राजवाडे यात त्यांना रस नाही, कुठंही गेले की आधी तिथली माती हातात घेऊन पाहतात अन् पाणी कुठून येते ते विचारतात. आम्ही तिघंही शाकाहारी, अंडं चालते. जे जाऊन आले किंवा ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज मोकळेपणानं सांगा, जाऊ नका वाटत असेल तर तेही सांगा.

कपाशी_आणि_मी

स्नेहाताई, तुम्ही ज्यांच्यामुळे अडून राहिल्या त्यांच्यासाठीच हा देश आहे. पेरू म्हणजे माचू पिचू हे टूरवाल्यांनी करून ठेवलं, माझ्या मते तो शेती पाहायला जायचा देश आहे, अन् विदर्भातल्या शेतकऱ्याला तो जेवढा भिडेल तेवढा दुसऱ्या कोणाला भिडणार नाही.

एकादशीची साबुदाण्याची उसळ घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आलू तिथला, शेंगदाणा तिथला, मिरचीही अमेरिका खंडातलीच. राजगिऱ्याच्याच कुळातलं धान्य पेरूच्या डोंगरात किविचा नावानं पिकते, अन् बाजारात त्याच्या लाह्या अन् वड्या मिळतात, बाबांनी एक वडी खाल्ली की त्यांना वेगळं सांगायची गरज नाही. आपला सगळा उपास त्या खंडाच्या भरवशावर चालून राहिला अन् आपण तिकडं पाहायलाही जात नाही, हे मला खरंच खटकते.

१९८७ साली उत्तर पेरूत सिपान इथं मोचे नावाच्या, इंकांच्याही आधीच्या लोकांच्या राजाची एक कबर सापडली, जवळपास सतराशे वर्षं जुनी, अन् त्याच्या गळ्यात सोन्याचांदीच्या भुईमुगाच्या शेंगांची माळ होती. टरफलावरच्या रेघांसकट हुबेहूब शेंगा. राजाला पुरताना त्याच्या गळ्यात हिरे नाही, भुईमूग घालावासा वाटला त्या लोकांना. ती माळ लांबायेके गावच्या म्युझियममध्ये आहे, अन् म्युझियमचा कंटाळा असणारा शेतकरीसुद्धा तिथून लवकर हलणार नाही असं मला वाटते.

मग आलू. आलूची शेती टिटिकाका तलावाच्या आसपासच्या पठारावर हजारो वर्षांपूर्वी सुरू झाली, अन् आज एकट्या पेरूत तीन हजारांवर जाती आहेत, जांभळे, काळपट, आतून लाल, वाकडेतिकडे. आंतरराष्ट्रीय आलू संशोधन केंद्रही पेरूच्या राजधानीत, लिमातच आहे, १९७१ पासून. कुस्कोजवळ पिसाकच्या वर केचुआ लोकांच्या गावांनी मिळून आलूचं संरक्षित क्षेत्र केलं आहे, त्याला पार्के दे ला पापा म्हणतात, तिथं गावकरीच शेत दाखवतात. अन् तुम्ही मे-जूनमध्ये चालल्या, म्हणजे काढणीचा हंगाम. त्यानंतरच्या थंडीत ते लोक आलू रात्री उघड्यावर गोठवतात, दिवसा उन्हात ठेवून पायानं तुडवून पाणी काढतात अन् वाळवतात, त्याला चुन्यो म्हणतात, वर्षानुवर्षं टिकतो. फ्रीज नाही, वीज नाही, फक्त पहाडातली थंडी अन् ऊन. ज्या भागात कोल्ड स्टोरेजअभावी माल रस्त्यावर फेकावा लागतो तिथल्या माणसानं हे एकदा पाहावं.

पाणी कुठून येते ते बाबा विचारतात ना, मंग नाझकाला नक्की जा. सगळे लोक विमानातून त्या जमिनीवरच्या रेषा पाहायला जातात, त्या पाहाच, पण गावाजवळ कांतायोक इथं जमिनीखालचे जुने पाट आहेत, पुकियो म्हणतात. वरून गोल गोल शंखासारखे उतरत जाणारे दगडी खड्डे, अन् खाली वाहतं पाणी. जिथं पाऊस जवळपास पडतच नाही अशा वाळवंटात शेकडो वर्षांपूर्वी खोदलेले, अन् त्यातले बरेच आजही शेताला पाणी देऊन राहिले. डोंगरातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचंही तेच. नुसत्या भिंती नाहीत त्या, खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू अन् सगळ्यात वर सुपीक माती, म्हणजे पाणी मुरते पण बांध फुटत नाही. माचू पिचूही अशा पायऱ्यांवरच उभं आहे, तिथं पाऊस धो धो पडतो अन् तरी पाचशे-साडेपाचशे वर्षं डोंगर घसरला नाही त्यात या पायऱ्यांचा मोठा वाटा आहे. नवऱ्याला किल्ला दाखवा अन् बाबांना किल्ल्याखालचा निचरा दाखवा.

कपाशीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे बहुतेक पेरा हिरसुटम या कपाशीच्या जातीचा, तिचं मूळ मेक्सिकोकडचं. पण लांब धाग्याची जी बार्बाडेन्स, जिच्यापासून आपला सुविन वाण आला, तिचं घर हा दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर वाका प्रिएता इथं निळीनं रंगवलेलं सुती कापड मिळालं आहे, जवळपास सहा हजार वर्षं जुनं. लांबायेकेकडं आजही तपकिरी रंगाचा देशी कापूस हातानं कातून विणतात, बोंडातूनच तपकिरी निघतो, रंगवावा लागत नाही. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, सगळा विदर्भ कापसावर जगते अन् मरते, अन् आपल्यातल्या किती जणांनी हा कापूस डोळ्यानं पाहिला असेल?

अन् शेवटचं. दरवर्षी एप्रिल आला की आपण सगळे एल निन्योच्या बातम्या वाचत बसतो, यंदा पाऊस कसा राहील म्हणून. त्याचे चटके सगळ्यात आधी पेरूच्या किनाऱ्यालाच बसतात. एरवी तिथलं पाणी थंडगार असते, त्या थंड प्रवाहामुळेच समुद्राला लागून वाळवंट आहे अन् मासळी अफाट आहे, अन् पाणी तापलं की तिथं पूर येतात अन् इकडं आपला मान्सून बऱ्याचदा रुसते. बाबांनी आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली तो समुद्र त्यांना दाखवायला घेऊन चालल्या तुम्ही, घरच्यांना हे सांगा.

मनीषनगरची_वृषाली

कपाशी भाऊंनी सुंदर लिहिलं, पण मी थोडं आवरून धरते कारण घरात ६६ वर्षांचं माणूस आहे. तुमच्याकडे आठ-दहा दिवसच असतील तर पेरू करू नका. भारतातून लिमाला थेट विमान नाही, नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून युरोपात बदल अन् मग अटलांटिक ओलांडून लिमा, जाण्यायेण्यातच सगळा जीव जाते. तिकीट हाच सगळ्यात मोठा खर्च आहे, आतमध्ये देश तसा महाग नाही, म्हणून जितके जास्त दिवस राहाल तितकी ट्रिप वसूल. घाईघाईत लिमा-कुस्को-माचू पिचू-परत असं करणाऱ्यांचीच तब्येत बिघडते अन् तेच येऊन सांगतात की काही खास नव्हतं.

तब्येतीचं असं की नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर अन् कुस्को ३४०० वर. लिमाहून विमानानं तासाभरात तुम्ही तिथं. डोकं दुखते, मळमळते, झोप येत नाही. पण याला साधा उपाय आहे, कुस्कोला उतरल्या उतरल्या तिथं न थांबता गाडी करून खाली सेक्रेड व्हॅलीत जायचं, उरुबाम्बा किंवा ओयांतायताम्बो, साधारण २८०० मीटर. तिथंच दोन-तीन रात्री राहा, तिथूनच माचू पिचूची ट्रेन पकडा, माचू पिचू तर अजून खाली आहे, २४३० मीटर. कुस्को त्यानंतर. अन् टिटिकाका सगळ्यात शेवटी ठेवा, तो ३८०० च्या वर आहे. क्रम उलटा केला की त्रास ठरलेला.

बीपी आहे तर निघायच्या आधी डॉक्टरांना ही उंची आकड्यासकट सांगा, नुसतं फिरायला चाललो सांगू नका. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही, आधीच्या गोळीबरोबर चालते की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. तिथं हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, तो प्यायला हरकत नाही पण ती पानं किंवा टी-बॅग बॅगेत टाकून भारतात आणू नका, इथं ते बेकायदा आहे. अन् तो रंगीत पट्ट्यांचा डोंगर, विनिकुंका, इन्स्टावर सगळे टाकतात तो, पाच हजार मीटरच्या वर आहे, सासऱ्यांना घेऊन तो करू नका, सोडून द्या सरळ.

ताडोबा_बफर

कोणी जंगलाचं बोललंच नाही, म्हणून मी. पेरूचा निम्म्याहून जास्त भाग अमेझॉनच्या जंगलात येतो हे लोकांच्या लक्षातच नसते. कुस्कोहून पुएर्तो माल्दोनादो विमानानं तासाभराचंही अंतर नाही, अन् तिथून बोटीनं ताम्बोपाता नदीवरच्या लॉजवर. ताई, ताडोबा-पेंच करणाऱ्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की करून जावं, तिथं जिप्सी नाही, सगळं बोटीनं अन् पायी, अन् जग्वार दिसला का दिसला का करत बसाल तर निराश व्हाल. कोरड्या महिन्यांत नदीकाठी दिसतो कधी कधी, पण त्यासाठी जायचं नाही. जायचं ते पहाटे नदीच्या मातीच्या कड्यावर शेकडो पोपट अन् मकाव, म्हणजे मोठे रंगीत पोपट, माती खायला उतरतात ते पाहायला, अन् तलावात महाकाय पाणमांजरांचं अख्खं कुटुंब मासे फोडून खाते ते पाहायला. आपल्या जंगलात प्राणी दिसते अन् बाकी सगळं मागं पडते, तिथं उलट आहे, आधी झाड दिसते, मग वेल, मग त्यावरचा बेडूक, डोळ्याला वेगळी सवय लागते.

अन् सासऱ्यांसाठी तिथं एक गोष्ट आहे. ब्राझील नट म्हणतात तो सुकामेवा त्या भागात जंगलातूनच गोळा होते. बागा लावून जमत नाही फारसं, त्याच्या फुलाला परागीभवनासाठी मोठ्या जंगली माश्या लागतात अन् दगडासारखं कडक फळ फोडून बी पेरायला अगुती नावाचा उंदीर-सशासारखा प्राणी लागते. म्हणजे जंगल उभं तर उत्पन्न उभं. तिथल्या कुटुंबांकडे जंगलाचे पट्टे आहेत, पावसाळ्यात फळं पडली की ते वेचतात. गडचिरोलीत मोह अन् तेंदूवर जगणारी गावं ज्यांनी पाहिली त्यांना हे लगेच कळेल. पेरूच्या त्याच भागात बेकायदा सोन्याच्या खाणींनी नदीकाठचं जंगल उघडं केलं आहे अन् पाण्यात पारा गेला आहे, विमानातून ते पिवळे डाग दिसतात. मला वाटते पर्यटकाचा पैसा लॉजला अन् गावाला मिळत राहिला तर तेवढं जंगल राखायला एक कारण उरते, अन् हेसुद्धा जायचं एक कारण आहेच ना.

जून-जुलैत तिथं अचानक थंडीची लाट येते, जंगल आहे म्हणून नुसते हाफ टीशर्ट नेऊ नका.

एक महत्त्वाचं, पिवळ्या तापाची लस. पेरू पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे, म्हणून परत येताना भारतातच तुम्हाला लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, अन् साठीच्या वरच्यांना देताना डॉक्टर जास्त विचार करतात, म्हणून सासऱ्यांचं आधी विचारून ठेवा. सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागू शकते, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

काटोलरोड_स्नेहा

किती छान लिहिलं सगळ्यांनी!! कपाशी भाऊ, तुमचा मेसेज मी रात्री बाबांना वाचून दाखवला. उपासाचं ऐकून ते हसले, पण ते जमिनीखालच्या पाटाचं परत वाचायला लावलं, अन् मग विचारून राहिले की तिथं पाटात गाळ साचला तर काढते कोण. नवरा पण थोडा नरमला आहे. आमच्याकडे तीन आठवडे निघतात, वृषालीताई.

आता दोन प्रश्न. शाकाहाराचं कसं, सगळे व्हिडिओ मासे अन् मटनाचेच दिसतात. अन् व्हिसा कितपत डोकेदुखी आहे? नवऱ्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, आमच्याकडे नाही.

कपाशी_आणि_मी

गाळ गावकरीच काढतात ताई, वर्षातून एकदा पाळी लागते अन् सगळे मिळून उतरतात. ते गोल खड्डे आत उतरून साफ करायलाही कामी येतात. डोंगरातही पाटबंधारे साफ करायचं असंच सामूहिक काम असते, त्यानंतर गाणंबजावणं अन् जेवण. अजून एक सांगा बाबांना, कुस्को भागात केस्वाचाका नावाचा गवताच्या दोरांचा पूल आहे, आपुरिमाक नदीवर, दरवर्षी जूनमध्ये आजूबाजूची गावं जुना पूल सोडून देतात अन् काही दिवसांत नवा विणून टांगतात. हातानं वळलेलं गवत, बाकी काही नाही. युनेस्कोनं २०१३ मध्ये त्याला सांस्कृतिक वारशात घेतलं. तुमच्या तारखा जुळल्या तर ते काम सुरू असताना पाहायला मिळेल, पण जागा उंचावर आहे, म्हणून ट्रिपच्या शेवटाकडं ठेवा.

धंतोलीची_शुभांगी

जेवणाचं मी सांगते, मी पक्की शाकाहारी अन् उपाशी राहिले नाही. सगळ्यात आधी हे पाठ करा, फक्त "सिन कार्ने" म्हणजे मटन नको असं म्हणून भागत नाही, कितीतरी ठिकाणी कोंबडीला कार्नेमध्ये धरतच नाहीत अन् वरून चिकन येते. म्हणून "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" एका दमात म्हणायचं. सूप जवळपास कायम हाडाच्या पाण्यात असते, ते विचारूनच घ्या.

भरवशाचं काय ते सांगते. गावोगावी चिनी-पेरुवियन हॉटेलं असतात, चिफा म्हणतात, तिथं व्हेज चौफा म्हणजे फ्राइड राइस करून देतात. उकडलेल्या आलूवर पिवळ्या मिरचीचा अन् चीजचा सॉस, पापा आ ला वांकाइना, तो मला फार आवडला, वर अर्धं अंडं असते तेवढं तुम्हाला चालतेच. चोक्लो म्हणजे मोठाल्या दाण्यांचं पांढरं मक्याचं कणीस, सोबत चीजचा तुकडा, रस्त्यावर गरमागरम मिळते. जांभळ्या मक्याचं गोड सरबत, चिचा मोरादा. अन् फळं! चिरिमोया आपल्या सीताफळाची बहीण, बिया कमी अन् गर जास्त. कुस्कोत परदेशी लोक इतके येतात की शाकाहारी हॉटेलं शोधावी लागत नाहीत. रोकोतो मिरची दिसायला सिमला मिरचीसारखी पण भिवापुरी खाणाऱ्याच्याही डोळ्यात पाणी आणते, बाबांना आधी सांगून ठेवा. घरून नेलंच तर थोडं तिखट, लोणचं अन् चिवडा न्या, जंगलाच्या लॉजवर कामी येते, लॉज बुक करतानाच शाकाहारी लिहून द्या.

सहा महिने वैध असलेला अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपच्या शेंगेन देशांचा व्हिसा असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, २०१७ पासून तसं आहे. तुमच्या मिस्टरांचं त्यात बसेल. तुम्हाला अन् बाबांना दिल्लीच्या पेरू दूतावासातून घ्यावा लागेल. नियम बदलतात म्हणून अर्ज करायच्या वेळी दूतावासाच्या साइटवर पाहूनच पुढं जा, अन् ज्या देशात विमान बदलणार तिथं ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही तिकीट काढायच्या आधी पाहा.

मनीषनगरची_वृषाली

तीन आठवडे असतील तर माझा विरोध मागं घेते, जा! फक्त माचू पिचूचं तिकीट अन् ट्रेन हे सगळ्यात आधी बुक करा, रोजच्या लोकांची मर्यादा आहे अन् वेळ ठरवून मिळते, जूनमध्ये तर आधीच संपते. तिकिटावर सर्किट लिहिलेलं असते, ज्या सर्किटचं घेतलं तेवढाच रस्ता चालता येते, म्हणून वरून दिसणारा तो प्रसिद्ध नजारा कोणत्या सर्किटमध्ये येते ते पाहूनच घ्या. ओरिजिनल पासपोर्ट सोबत लागते. आत टॉयलेट नाही, गेटबाहेरच आहे, बाबांना आधी सांगा. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी, सूर्याचा मोठा उत्सव, पाहण्यासारखा आहे पण त्या आठवड्यात हॉटेलं भरलेली अन् महाग. अन् मध्ये एक-दोन दिवस रिकामे ठेवा, तिथं आंदोलनं झाली की रेल्वे अन् रस्ते बंद पडतात, २०२३ च्या सुरुवातीला माचू पिचू काही आठवडे बंदच होतं.

काटोलरोड_स्नेहा

ठरलं मग. नवऱ्यानं आज स्वतःहून नकाशा उघडला, लिमा, नाझका, मग कुस्कोची दरी, माचू पिचू, पिसाकचे आलू, अन् शेवटी जंगल. उत्तरेकडचं लांबायेके बसवायला जागा नाही, अन् बाबा ती शेंगांची माळ सोडायला तयार नाहीत. ताडोबा भाऊ, जंगलाचे दिवस कापले तर चालेल का?

ताडोबा_बफर

जंगल कापा ताई. दोन रात्रीत तिथं जाणंयेणंच होईल, त्यापेक्षा लिमाहून चिक्लायोचं विमान घ्या, लांबायेके तिथून अगदी जवळ आहे. अन् मग पुएर्तो माल्दोनादोला जायचंच नसेल तर लसीचा प्रश्न संपला असं समजू नका, कार्ड तरीही काढून ठेवा, मुंबईत उतरल्यावर ते तुम्ही देशाच्या कोणत्या भागात फिरल्या ते पाहत नाहीत, कोणत्या देशातून आल्या ते पाहतात. बाबांना लस द्यायची नाही असं डॉक्टरांनी ठरवलं तर त्यांच्याकडून तसं पत्र त्याच कार्डवर लिहून घ्या.